मागून चालणाऱ्यांची मिरवणूक

१ ऑक्टोबर २००७. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या ट्रेमे मोहल्ल्यात संध्याकाळी वादक जमू लागले. न्यू बर्थ ब्रास बँडचा ट्यूबावादक कर्विन जेम्स काही दिवसांपूर्वी वारला होता. त्याचे भाऊ फिल आणि कीथ फ्रेझियर हे रिबर्थ ब्रास बँडचे संस्थापक, म्हणजे घरच वाजवणाऱ्यांचं. ट्रेमेची रीत अशी, की आपल्यातला वादक गेला की दफन होईपर्यंत सोबत्यांनी वाद्यं घेऊन त्याच्या गल्ल्यांतून फिरायचं. त्याप्रमाणे मंडळी निघाली. एका जुन्या ख्रिस्ती भक्तिगीताची धून चालू असतानाच पोलिसांच्या गाड्या आल्या. गर्दी पांगवली गेली. स्नेअर ड्रम वाजवणारा डेरिक टॅब आणि त्याचा भाऊ, ट्रॉम्बोनवादक ग्लेन डेव्हिड अँड्र्यूज, या दोघांना अटक झाली. आरोप होते विनापरवाना मिरवणूक आणि शांतताभंग.

दुसऱ्या दिवशी मंडळींनी परवाना काढला आणि संध्याकाळी पुन्हा वाजवत बाहेर पडली.

या शहराच्या विमानतळाला २००१ सालापासून लुई आर्मस्ट्राँगचं नाव आहे. पर्यटकांसाठी छापलेल्या कागदावर ट्रंपेट नसेल असं होत नाही. पाहुण्यांना ऐकवायला जे संगीत हवं असतं, तेच गल्लीतल्या माणसांनी आपल्या दुःखात वाजवलं की गोंगाट ठरतं. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रास बँडांविषयी लिहिताना बहुतेक जण मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या जांभळ्या-हिरव्या-सोनेरी रंगांपासून सुरुवात करतात. इथे सुरुवात अटकेपासून केली आहे, कारण ही परंपरा कुणी टिकवली या प्रश्नाचं उत्तर त्या रंगांत सापडत नाही. ती शहराने टिकवलेली नाही आणि पर्यटनानेही नाही. ती टिकवली वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी, पोरांच्या हातात वाद्य देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आणि बँडच्या मागून चालणाऱ्या माणसांनी.

मागून चालणाऱ्यांना तिथे ‘सेकंड लाइन’ म्हणतात. मिरवणुकीची पहिली ओळ म्हणजे बँड, मंडळाचे सभासद, अंत्ययात्रा असेल तर घरचे लोक. त्यांच्या मागे-पुढे-बाजूला जी जनता नाचत, छत्र्या आणि हातरुमाल उडवत चालते ती दुसरी ओळ. पुढे या शब्दाचा अर्थ इतका पसरला की अख्ख्या मिरवणुकीलाच सेकंड लाइन म्हणू लागले, नाचालाही तेच नाव पडलं आणि तालालाही. ज्या मिरवणुकीला प्रेक्षकांचं नाव मिळालं अशी दुसरी कुठली सहजी आठवत नाही.

बँडात साधारण आठ-दहा माणसं असतात. दोन-तीन ट्रंपेट, दोन-तीन ट्रॉम्बोन, एखादा सॅक्सोफोन, आणि खांद्यावरून अंगाला वेटोळं घालून डोक्यावर कर्णा उघडणारा सूसाफोन. बोलीत त्याला ट्यूबाच म्हणतात. एरवी एकच ड्रमवादक जे काम बसून करतो ते इथे दोघे चालत करतात. एकाच्या गळ्यात स्नेअर, आपल्या ताशाचा लांबचा भाऊ. दुसऱ्याच्या पोटावर मोठा ढोल, आणि त्या ढोलाच्या माथ्यावर पितळी झांज बसवलेली. उजव्या हातात टिपरू आणि डाव्या हातात झांज वाजवायला कपडे अडकवायच्या हँगरची वाकवलेली तार किंवा सरळ स्क्रूड्रायव्हर. वाद्यांच्या दुकानात अशी वस्तू मिळत नाही, पण त्या तारेच्या किणकिणाटाशिवाय हा ताल लागत नाही. मोठ्या ढोलाचा एक ठोका अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी, चौथ्या मात्रेवर, जोरात पडतो. लष्करी कवायतीच्या सरळ चालीला त्या एका ठोक्याने कमरेत लचक दिली. त्याचं श्रेय बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाला देतात. बोल्डन १८७७ साली जन्मला, १९०७ साली मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ साली तिथेच मेला. त्याच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जाझचा पहिला पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो कसा वाजवायचा हे फक्त ऐकीव आहे.

पण वाद्यांच्या आधी वर्गणीबद्दल सांगायला हवं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली, तेव्हा मुक्त झालेल्या माणसाजवळ स्वातंत्र्य होतं; आजारपणात डॉक्टर आणायला पैसे नव्हते. गोऱ्यांच्या विमा कंपन्यांची दारं त्याला बहुतेक बंदच होती. मग मोहल्ल्यामोहल्ल्यांत परस्पर-साहाय्याची मंडळं निघाली. सभासदाने ठरलेली वर्गणी भरायची; आजारी पडला तर मंडळ औषधपाणी पाहणार, मेला तर पुरणार. आणि पुरताना बँड लावणार. यंग मेन ऑलिंपियन हे मंडळ १८८४ सालचं, आजही चालू आहे. पुढे या मंडळांचीच ‘सोशल एड अँड प्लेझर क्लब’ अशी नवी पिढी आली. नावातच मदत आणि मजा शेजारी बसली आहेत, कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. वर्षातून एका रविवारी प्रत्येक क्लब आपली मिरवणूक काढतो. नवे सूट शिवले जातात, त्याच रंगाचे बूट, टोप्या, पिसांचे पंखे. बँड ठरवला जातो आणि त्याला रोख बिदागी मिळते. वर्षानुवर्षं, आठवड्यामागून आठवडे, वादकांना चार तास चालत वाजवण्याचं काम या क्लबांनी दिलं. संगीताच्या इतिहासात असल्या हिशेबाच्या वह्यांना जागा मिळत नाही; खरं तर सुरुवातीचं प्रकरण त्यांचंच हवं.

अंत्ययात्रेचा विधी मात्र सर्वांच्या ऐकिवात असतो, थोडा चित्रपटांमुळे. जेम्स बाँडच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये (१९७३) जी रस्त्यावरची अंत्ययात्रा दिसते, तिच्यात वाजवणारा बँड खराखुरा होता, हॅरल्ड डेजनचा ऑलिंपिया ब्रास बँड. खऱ्या विधीत चर्चमधून स्मशानाकडे जाताना चाल संथ असते. स्नेअरच्या तारा सैल करून किंवा खाली रुमाल सारून त्याचा आवाज मुका केलेला असतो. पुढे मिरवणुकीचा म्होरक्या, म्हणजे ग्रँड मार्शल, छातीवर आडवा पट्टा, टोपी काढून छातीशी धरलेली, एकेक पाऊल जणू मोजून टाकणारा. भक्तिगीतं वाजतात तीही रडवणारी. मग एका ठिकाणी बँड बाजूला होतो आणि शववाहिका पुढे निघून जाते. याला ते लोक देहाला मोकळं करणं म्हणतात. क्षणभर शांतता. रुमाल निघतो, स्नेअर कडाडतो, ट्रंपेट वर चढतो, छत्र्या उघडतात, आणि मघाशी मान खाली घालून चालणारी तीच माणसं नाचत परततात.

नवख्या माणसाला वाटतं, दुःख संपलं म्हणून आनंद सुरू झाला. तसं नाही. वारकऱ्याला टाळमृदंगाच्या गजरात निरोप दिलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ट्रेमे ब्रास बँडचा मोठा ढोल वाजवणारे लायनेल बटिस्ट यांना सगळं शहर ‘अंकल लायनेल’ म्हणे. कडक इस्त्रीचा सूट, डोक्यावर हॅट, गॉगल, हातात काठी. २०१२ साली ते गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांना शवपेटीत निजवलंच नाही. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाशेजारी, पूर्ण पोशाखात उभं केलं. बाहेरच्या वर्तमानपत्रांनी त्याची विक्षिप्त बातमी केली. ट्रेमेतल्या माणसांना मात्र त्यात आपला माणूस नेहमीच्या जागी उभा दिसला.

ही वाद्यं या माणसांच्या हातात आली कशी? शहर १७१८ साली फ्रेंचांनी वसवलं, मग ते स्पॅनिशांकडे गेलं, आणि १८०३ साली अमेरिकेने लुइझियाना विकत घेतला तेव्हा अमेरिकेत आलं. कॅथलिक राजवटीत गुलामांना रविवारी कामातून सुट्टी असे. त्या दिवशी ते बाजार भरवत, ढोल वाजवत, नाचत. १८१७ साली नगरपालिकेने हुकूम काढला, की असं जमायचं ते एकाच ठरावीक जागी. ती मोकळी जागा म्हणजे काँगो स्क्वेअर, ट्रेमेच्या कडेला. अमेरिकेच्या इतर भागांत गुलामांच्या ढोलांवर कडक बंदी असताना इथे दर रविवारी आफ्रिकेतले ताल खुल्या मैदानात वाजत राहिले. दुसरीकडे लष्करी बँडांचं वेड साऱ्या एकोणिसाव्या शतकाला होतं. यादवी युद्धानंतर पितळी वाद्यं स्वस्तात सुटली, कृष्णवर्णीय वादकांचे एक्सेल्सियर, ऑनवर्ड असे बँड उभे राहिले. त्यांच्यात नोटेशन वाचणारे शिस्तीचे क्रिओल, म्हणजे मिश्रवंशीय, वादक होते, तसे कानाने वाजवणारेही. या दोघांची सरमिसळ झाली ती रस्त्यावर चालता चालता.

आर्मस्ट्राँग याच रस्त्यावर घडला. १९१२च्या ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वर्षांच्या लुईने नववर्षाच्या धुंदीत पिस्तुलाचा बार काढला आणि त्याची रवानगी मुलांच्या सुधारगृहात झाली. तिथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकाने त्याला बँडात घेतलं, आधी किरकोळ वाद्यं आणि शेवटी कॉर्नेट दिलं. एकदा हा बँड लुईच्या मोहल्ल्यातून गेला तेव्हा तिथल्या जुगारी, गुंड आणि वेश्यांनी आपल्या गल्लीतलं पोर पाहून टोप्या भरभरून पैसे दिले. त्यातून बँडला नवे गणवेश आणि वाद्यं आली, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. १९२२ साली तो शिकागोला गेला. पुढे लुइझियानात गोऱ्या-काळ्या वादकांनी एकत्र वाजवण्यावर बंदी घालणारा कायदा आला, तेव्हा जगभर फिरणाऱ्या आर्मस्ट्राँगने आपल्या जन्मगावी वाजवणं सोडलं. तो परत येऊन वाजवायला १९६५ साल उजाडलं.

मराठी वाचकाचा या गावाशी संबंध अगदीच नाही असं नाही. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जाझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड आला. हा पियानिस्ट तरुणपणी न्यू ऑर्लिन्समध्येच राहून तयार झालेला, पुढे कलकत्त्यात स्थिरावला आणि १९४५ साली तिथेच वारला. त्यांच्याकडे कान लावून बसलेल्या पिढीतला आल्दोन्याचा गोंयकार आंतोनियो शाव्हियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रंपेट वाजवू लागला. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. याच चिक चॉकलेटचा हात सी. रामचंद्रांच्या, म्हणजे आपल्या अण्णा चितळकरांच्या, वाद्यमेळात होता. ‘अलबेला’त (१९५१) तो पडद्यावरही दिसतो. तेव्हा मराठी घरांत रेडिओवर ज्या चालीवर पाय हलले, तिचा एक धागा काँगो स्क्वेअरच्या धुळीपर्यंत जातो.

आता कार्निव्हल. ६ जानेवारीला मोसम सुरू होतो आणि राखेच्या बुधवारच्या आदल्या मंगळवारी, म्हणजे मार्डी ग्राच्या दिवशी, संपतो. गोव्याचा कार्निव्हल, म्हणजे इंत्रूज, याच पंचांगावर चालतो. पण न्यू ऑर्लिन्समध्ये शोभायात्रा काढणाऱ्या संस्था, ज्यांना तिथे ‘क्रू’ म्हणतात, त्या दीर्घकाळ श्रीमंत गोऱ्यांच्या गुप्त मंडळ्या होत्या. कोमस ही पहिली, १८५७ सालची. रेक्स १८७२ सालची. मुखवटे घातलेले बडे लोक चित्ररथांवर, आणि रात्री त्यांना उजेड दाखवायला पेटते पलिते घेऊन चालणारे काळे मजूर. लोक त्या मजुरांकडे सुटी नाणी फेकत.

या राजांची थट्टा करत १९०९ साली काही कृष्णवर्णीय कामगार स्वतःचा राजा घेऊन निघाले. झुलू क्लब. त्यांच्या राजाने डोक्यावर पत्र्याच्या डब्याचा मुकुट घातला होता आणि हातात राजदंड म्हणून केळीचा दांडा. काळ्या माणसांनी तोंडाला आणखी काळा रंग फासून, गवताचे घागरे नेसून चालायचं, यात विडंबन कुठे संपतं आणि अपमान कुठे सुरू होतो, यावर तेव्हापासून वाद आहे. १९६०च्या दशकात नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी झुलूला धारेवर धरलं. १९४९ साली आर्मस्ट्राँग स्वतः झुलूचा राजा झाला तेव्हा त्याच्यावरही टीका झाली. त्याला मात्र हा जन्मभरचा मान वाटला. प्रस्तुत लेखकाचं मत विचाराल तर, पत्र्याचा मुकुट घालणाऱ्यांनी खऱ्या मुकुटवाल्यांना पुरतं ओळखलं होतं.

खऱ्या मुकुटवाल्यांची परीक्षा पुढे झाली. १९६७ साली सेंट ऑगस्टीन या कृष्णवर्णीय शाळेचा बँड रेक्सच्या शोभायात्रेत पहिल्यांदा चालला. बँडमास्तर एडविन हॅम्प्टन यांनी मुलांना बजावलं होतं, की काहीही झालं तरी रांग सोडायची नाही. शिव्या आल्या, अंगावर वस्तू आल्या. मुलं वाजवत राहिली. आज सेंट ऑगस्टीनचा ‘मार्चिंग हंड्रेड’ आल्याशिवाय मोठी शोभायात्रा पूर्ण वाटत नाही. १९९१ साली नगरपरिषदेने नियम केला, की रस्ता वापरायचा तर सभासदत्वात वर्णभेद चालणार नाही. कोमसने १९९१ नंतर रस्त्यावर येणंच थांबवलं. सर्वांत जुन्या क्रूला मिरवणुकीपेक्षा वर्णभेद प्यारा ठरला.

कार्निव्हलच्या याच दिवसांत मागल्या गल्ल्यांतून ‘मार्डी ग्रा इंडियन’ निघतात. मूळ अमेरिकन जमातींना मानवंदना म्हणून मणी आणि पिसांचा पोशाख वर्षभर हाताने शिवणारे हे कृष्णवर्णीय कारागीर. त्यांच्याकडे पितळी वाद्यं नसतात, डफ आणि आवाज एवढ्यावर ते गातात. ॲलिसन ‘टूटी’ मोंटाना हे त्यांच्यातले थोर मुखिया. पोटाला धंदा भिंतींच्या गिलाव्यासाठी पट्ट्या ठोकण्याचा. जून २००५ मध्ये ते पोलिसांच्या दडपशाहीबद्दल नगरपरिषदेसमोर बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता तिथेच कोसळले, ते गेलेच.

ब्रास बँडचीही एक वेळ अशी आली होती की तो संपणार असं वाटावं. १९६०च्या दशकात म्हातारे वादक एकेक करून जात होते. तरुण पोरांना रेडिओवरचा सोल आणि फंक हवा होता. त्यातच सरकारने क्लेबोर्न ॲव्हेन्यू या रस्त्यावर महामार्गाचा उड्डाणपूल टाकला. दुतर्फा ओकची जुनी झाडं, कृष्णवर्णीयांची दुकानं आणि मार्डी ग्राच्या दिवशी त्यांचा भरणारा मेळा, हे सगळं पुलाच्या खांबांखाली गेलं. १९६१ साली फ्रेंच क्वार्टरमध्ये प्रिझर्वेशन हॉल सुरू झाला, म्हाताऱ्या वादकांना बसून वाजवायला जागा मिळाली. ते काम मोलाचं होतं. पण जतन हा शब्द बरणीतल्या लोणच्याला शोभतो. रस्त्यावरच्या गोष्टीला जतनापेक्षा पोरं लागतात.

पोरं आणली डॅनी बार्कर यांनी. १९०९ साली जन्मलेले हे गिटार-बँजोवादक न्यू यॉर्कमध्ये कॅब कॅलोवेसारख्यांच्या बँडात उमेदीची वर्षं घालवून १९६५ साली गावी परतले. १९७०च्या सुमारास फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्र्याने त्यांना विचारलं, की चर्चच्या मुलांचा एक बँड बांधाल का? शेजारीच लेरॉय जोन्स नावाचा मुलगा गॅरेजमध्ये ट्रंपेट घोटत असे. बार्करांनी त्याच्यापासून सुरुवात केली. बघता बघता मुलं वाढली. या फेअरव्ह्यू बँडातून गेलेल्यांची नावं वाचली की छाती दडपते: विंटन आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस, क्लॅरिनेटवादक मायकेल व्हाइट, ट्रॉम्बोनवादक ल्युसियन बार्बरिन, ड्रमवादक हर्लिन रायली. पण वादकांच्या संघटनेतून तक्रार आली, की बार्कर पोरांकडून फुकटात काम करून घेतात आणि मोठ्यांचा रोजगार बुडवतात. ते बाजूला झाले. मोठी झालेली मुलं लेरॉयच्या नेतृत्वाखाली हरिकेन ब्रास बँड म्हणून वाजवत राहिली.

त्यातूनच १९७७ साली डर्टी डझन ब्रास बँड निघाला. नाव त्याच नावाच्या सोशल एड क्लबवरून. या मंडळींनी रस्त्याच्या तालात बीबॉप या जाझच्या नव्या शैलीतल्या अवघड चाली आणि फंकची ठसक घातली, वेग वाढवला. सूसाफोनवर कर्क जोसेफ नुसता ‘धम-धम’ आधार देत नसे, तो बास गिटारसारखा नाचत असे. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, हे काही आपलं संगीत नव्हे म्हणून. नाचणाऱ्यांनी मात्र पायांनी मत दिलं. १९८३ साली ट्रेमेच्या एका हायस्कुलातल्या पोरांनी, म्हणजे फ्रेझियर बंधू आणि ट्रंपेटवाला कर्मिट रफिन्स यांनी, रिबर्थ काढला. तो आणखी पुढे गेला, रस्त्यावरच्या घोषणा त्यांच्या गाण्यांत आल्या. २०१२ साली रिबर्थला ग्रॅमी मिळालं. १९९१ साली सेंट मेरीज अकॅडमी या मुलींच्या शाळेतून ओरिजिनल पिनेट्स हा फक्त बायकांचा बँड निघाला. २०१३ साली त्यांनी ‘स्ट्रीट किंग्ज’ नावाची स्पर्धा जिंकली आणि किंग्जच्या जागी क्वीन्स म्हणवून घेतलं.

नव्या-जुन्याचा वाद संपलेला नाही, आणि जुन्यांची बाजू चूक म्हणून झटकता येणार नाही. संथ भक्तिगीतं न वाजवताच थेट नाच सुरू होऊ लागला, अंत्ययात्रेत दारूच्या बाटल्या दिसू लागल्या, हे खरंच होतं. स्वतः डॅनी बार्करांनी या रागापायी सांगून ठेवलं होतं, की माझ्या मयतीला बँड नको. १९९४ साली ते गेले तेव्हा ग्रेग स्टॅफर्ड या त्यांच्या शिष्याने घरच्यांना शब्द दिला, की सगळं रीतीने होईल: काळे सूट, पांढरे सदरे, संथ चाल. तशीच ती झाली.

तरुणांची बाजू दुसरी आहे. त्यांना पुरावे लागणारे लोक तरुणच आहेत. हॉट एट ब्रास बँड १९९५ साली बेनी पीट या धिप्पाड सूसाफोनवादकाने मित्रांसह काढला. या एका बँडने आपले किती सोबती गमावले पाहा: २००४ साली ट्रॉम्बोनवादक जोसेफ विल्यम्स पोलिसांच्या गोळीने गेला, २८ डिसेंबर २००६ रोजी स्नेअरवाला डिनेरल शेव्हर्स गोळी लागून गेला. शेव्हर्स शाळामास्तर होता, आपल्या शाळेत नवा बँड उभा करत होता. २०२१ साली खुद्द बेनी पीटही गेला. अशांच्या मागून चालणाऱ्या विशीतल्या पोरांना शंभर वर्षांपूर्वीचंच संथ गीत वाजवा म्हणून सांगणं सोपं नाही.

कतरिना वादळ २९ ऑगस्ट २००५ला आलं, बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादक ह्यूस्टन, अटलांटा, जिथे बस नेईल तिथे विखुरले. सहा आठवडे होतात न होतात तोच, ९ ऑक्टोबरला, हॉट एटने जवळजवळ निर्मनुष्य गावात ऑस्टिन लेस्ली या नामांकित आचाऱ्यासाठी मिरवणूक काढली. वीज नव्हती, बाजूला कुजलेल्या फ्रिजांचे ढीग होते. उसनी वाद्यं घेऊन माणसं वाजवत होती. पुढे लोक परतू लागले तसं घरभाडं वाढलं, ट्रेमेत नवे रहिवासी आले, मिरवणुकीच्या परवान्याचं शुल्क पोलिसांनी इतकं वाढवलं की क्लबांना न्यायालयात जावं लागलं, तेव्हा ते खाली आलं. सुरुवातीला सांगितलेली अटक याच काळातली. ज्या मोहल्ल्यात संगीत आहे म्हणून घर घ्यायचं आणि मग संगीताचा आवाज येतो म्हणून तक्रार करायची, हा प्रकार फक्त न्यू ऑर्लिन्सचा नाही.

उड्डाणपुलाचं मात्र वादकांनी उट्टं काढलं. मिरवणूक क्लेबोर्नखाली आली की बँड मुद्दाम थबकतो. वर काँक्रीटचं छत, बाजूला खांब. पितळेचा आवाज तिथे असा घुमतो की आठाचे ऐंशी वाटावेत. लोक वाट पाहतात ती त्या जागेची. खांबांवर लोकांनी तोडलेल्या ओकची चित्रं काढली आहेत.

अटक झालेल्या डेरिक टॅबने २००८ साली ‘रूट्स ऑफ म्युझिक’ नावाचा वर्ग सुरू केला. वादळानंतर अनेक शाळांतले बँड बंद पडले होते, आणि शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचे तास पोरांना धोक्याचे. हा वर्ग नेमके तेच तास भरून काढतो. मुलांना आणायला-सोडायला बस, अभ्यासाची शिकवणी, गरम जेवण आणि वाद्य, सगळं मोफत. मार्डी ग्राच्या शोभायात्रांत ही मुलं स्वतःचा बँड म्हणून चालतात.

पुढे ज्या वादकांची ओळख वाचकांना होईल, त्यांच्याकडे कलावंत म्हणून पाहावं, पण त्यांचा दिवस कसा जातो हेही विसरू नये: दुपारी मयत, संध्याकाळी पर्यटकाचं लग्न, रात्री बार, आणि या सगळ्याखाली महिन्याचं भाडं. ध्वनिमुद्रण ऐकायचं तर आधी सूसाफोनकडे कान द्यावा, ट्रंपेट आपोआप ऐकू येतो. आणि कधी त्या गावी जाणं झालंच तर कार्निव्हलची गर्दी टाळून साधा रविवार गाठावा. ऑगस्टच्या अखेरीपासून जूनपर्यंत जवळजवळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या क्लबची मिरवणूक असते. मार्ग आधी जाहीर होतो, डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे रेडिओ केंद्र तो कळवतं. मिरवणूक दुपारी निघते, चार तास चालते. तिकीट नाही. बूट मात्र चालायचे हवेत.